खुडलेली शेंग आणि राखलेली शेंग

(शास्त्रपाठ : 2 शमुवेल 17:27-29, योहान 15:1-8)



दावीद राजा पोटच्या पुत्राच्या भयानें यरुशलेम सोडून पळाला व यार्देनेपलीकडे महनाइम येथें येऊन उतरला, तेव्हां त्याच्याबरोबर माणसें होतीं, पण शिधा नव्हता. त्या वेळीं तीन गृहस्थ त्याच्या भेटीस आले. त्यांनीं अंथरुणें, भांडीं, गहूं, सातू, पीठ, मध, मेंढरें असें पुष्कळ आणिलें; आणि त्या यादींत शेंगांच्या दाण्यांचीही नोंद आहे. ती शेंग आपल्या वालाची किंवा घेवड्याची नव्हे; त्या देशांत पिकणारी ती निराळ्या जातीची, जाड दाण्याची. यहेज्केल संदेष्ट्यास जी भाकर करण्याची आज्ञा झाली (अध्याय 4) तिच्यांतही हाच दाणा होता. राजाच्या संकटाच्या कथेंत परसांतल्या शेंगेस जागा मिळाली, ह्यावरून देवाच्या दृष्टीस लहान दान लहान नसतें हें दिसून येतें.

आपल्यांतील पुष्कळांच्या दारीं वालाचा मांडव असतो. आज त्या मांडवाखालीं बसून तीन गोष्टींचा विचार करूं.

पहिली गोष्ट मुळांविषयीं. आगोटीचा पाऊस पडून जमिनींत ओल मुरली म्हणजे आळें करून त्यांत दोन-तीन दाणे एक इंच खोल टोंचावे. पाणी सांचतें तेथें टोंचूं नये, दाणा कुजतो. पुढें महिना-दीड महिन्यानें एखादें जादा रोप हलक्या हातानें उपटून पाहा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. त्यांचें मर्म लोकांस फार काळ कळलें नव्हतें. 1886 सालीं हेलरीगेल नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, शेंगा धरणारें पीक ह्या गाठींच्या द्वारें हवेंतलें नत्र घेतें. आणि 1888 सालीं हॉलंडांतील बायेरिंक ह्यानें त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव वेगळे काढून दाखविले. हवेच्या शंभर भागांत सुमारें 78 भाग नत्र आहे. तथापि वेलास तें आपल्या बळावर घेतां येत नाहीं. वेल त्या जीवांस साखर पुरवितो, ते वेलास नत्र पुरवितात. नखानें गाठ फोडून पाहिली आणि आंत तांबूस रंग दिसला, तर काम चाललें आहे असें समजावें. आंत पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ नांवाची मात्र आहे.

मंडळींतही असेंच आहे. जी विधवा आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढते, जो बांधव भजनाआधीं येऊन मुकाट्यानें मंदिर झाडून ठेवतो, त्यांचीं नांवें अहवालांत छापलीं जात नाहींत. पण वेल उभा आहे तो त्यांच्यावर. तेव्हां प्रत्येकानें आपणांस विचारावें : माझें बांधवांशीं असलेलें नातें फोडून पाहिलें, तर आंत रंग निघेल काय?

दुसरी गोष्ट पानांविषयीं. ह्या गांवीं आल्यावर पहिल्या वर्षीं मीं मोठ्या हौसेनें पाट्याच्या पाट्या शेणखत आळ्यांत ओतलें. वेलानें मांडव भरून टाकला. येणाराजाणारा थांबून पाहूं लागला. पण फुलें थोडीं आणि शेंगा त्याहून थोड्या. नत्र फार झालें म्हणजे वेल पानांतच रमतो, आणि मुळांवर गाठीही कमी धरतात. ज्यास सर्व आयतें मिळतें तो दुसऱ्याशीं भागी कशास करील? बंधूंनो, द्राक्षवेलाच्या दाखल्यांत पिता फळ पाहतो, पानांचा डौल पाहत नाहीं. आम्हीं पाळकांनीं व उपदेशकांनीं हें आधीं आपणांस लावून घ्यावें. कारण शब्दांचीं पानें आमच्यापाशीं पुष्कळ असतात.

तरी येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गांवठी वेलाचा वाल दिवस लहान होऊं लागल्याशिवाय फुलत नाहीं. आषाढांत लाविलेला वेल बहुधा कार्तिकाच्या सुमारास फुलावर येतो. म्हणून भाद्रपदांत नुसतें हिरवेंपण पाहून त्यास निष्फळ ठरवूं नये व कोयता उचलूं नये. नव्यानें विश्वासांत आलेल्या बांधवाविषयीं बोलतांना हें आठवावें.

तिसरी गोष्ट खुडण्याविषयीं, आणि ती सांगतांना मला माझा दोष कबूल केला पाहिजे.

दुसऱ्या वर्षीं खत बेतानें घातलें. शेंड्यांवर मावा पडला, तेव्हां 50 ग्रॅम लिंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजविल्या आणि तें पाणी गाळून शिंपडलें. वेल उत्तम आला. त्याचे कांहीं फांटे कुंपणावरून शेजारच्या परसांत गेले. शेजारी आमच्याच मंडळीचा सभासद. त्याच्या घरच्यांनीं त्यांच्या बाजूच्या चार शेंगा खुडल्या. मीं त्यास चारचौघांत असा शब्द बोललों कीं, जो पाळकाच्या तोंडीं शोभला नसता. तो मुकाट्यानें निघून गेला व उपासनेस येईनासा झाला. मींही हट्टास पेटलों. खेड्यांच्या फेरीवर जातांना घरीं बजावून गेलों, "वाळल्या तरी चालतील, पण कुंपणापलीकडे एक शेंग जाऊं देऊं नका."

तीन आठवड्यांनीं परत येऊन पाहतों, तों सगळा मांडव वाळक्या शेंगांनीं खडखडत होता. नवें फूल औषधालाही नव्हतें. मला वाटलें रोग पडला. आमचे वृद्ध उपदेशक तेथें उभे होते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, रोग नाहीं. वेलाचें बीं तयार झालें. आपलें काम झालें असें त्यानें जाणलें. आतां तो फुलेल कशाला? खुडीत राहिलें तरच वाल फुलत राहतो."

त्यांस आमच्या भांडणाची वार्ता होती कीं नव्हती, हें मीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. सकाळीं होत्या नव्हत्या त्या ओल्या शेंगा मीं टोपलींत घातल्या, वर थोडे वाळले दाणे घातले, आणि दारानें फिरून शेजाऱ्याकडे गेलों. "दादा, माझी चूक झाली," इतकेंच बोलवलें. त्यानें टोपली घेतली. बोलला कांहीं नाहीं. सायंकाळीं त्याच्या मुलीनें टोपली परत आणून दिली. ती रिकामी नव्हती. तींत मूठभर लाल मिरच्या होत्या. पुढच्या रविवारीं तो आला नाहीं. त्याच्या पुढच्या रविवारीं आला, आणि मागच्या रांगेंत बसला. त्या दिवशीं प्रभुभोजनाची भाकर मोडतांना माझे हात कांपले. वेलाच्या सर्व वाळक्या शेंगा काढून मीं पाणी दिलें. कांहीं आठवड्यांनीं तो पुन्हां फुलला, पण पूर्वीइतका नव्हे. विलंबाचा तोटा भरून येत नाहीं, हेंही मला शिकावें लागलें.

आतां महनाइमकडे पुन्हां पाहा. त्या तिघांत माखीर होता. शौलाचा नातू मफीबोशेथ ह्यास ज्यानें पूर्वीं आपल्या घरीं ठेविलें होतें (2 शमुवेल 9:4) तोच हा. दावीद संकटांत असतां घरीं बसून पाहात राहणें त्यास सोपें होतें. शोबी तर अम्मोनी लोकांच्या राब्बा नगराचा. बर्जिल्लय 80 वर्षांचा. जुनें वैर, परकेपण, म्हातारपण अशीं तीन निमित्तें तीन दारांशीं उभीं होतीं. तीं ओलांडून हे तिघे शेंगा व दाणे घेऊन निघाले.

म्हणून माझी विनंती अशी. शेंगा लागूं लागल्या म्हणजे दर तीन-चार दिवसांनीं कोंवळ्या असतांच खुडाव्या. एका हातानें वेल धरून दुसऱ्यानें शेंग तोडावी, तुरा मोडूं नये. बियाण्यासाठीं एकच निरोगी वेल राखावा, आणि दाणा नीट वाळवून राखेंत ठेवावा. हंगाम संपल्यावर वेल उपटूं नये. बुंध्याशीं कापून मुळें तेथेंच राहूं द्यावीं, म्हणजे पुढच्या भाजीस खत होईल. आणि पहिली टोपली घरांत नेण्याआधीं आठवावें : ज्याच्या दारीं जाण्यास माझे पाय जड होतात, तो कोण? ती टोपली त्याच्याकडे घेऊन जावें, आणि तीही आजच. कारण शेंग थांबते ती वाळण्यासाठीं.

पेरणाऱ्यास बीं देणारा देव आपणां सर्वांस देणारे हात देवो. आमेन.