पहिला दोडका

वाईहून धोमकडे जाताना लागणाऱ्या एका गावात दोन जावांचं मिळून एक परस होतं. वाटण्या झाल्या तेव्हा घर, गोठा, भांडीकुंडी सगळं वाटलं गेलं. परसात मात्र भिंत घातली नाही, मधून नुसती दगडांची ओळ मांडली. शेवगा थोरलीकडे गेला, लिंबाचं झाड धाकटीकडे. कढीपत्ता नेमका ओळीवर आला, तो दोघींचा. सासूच्या हातची बियाण्याची गाडगी होती, त्यातलं बीही ओंजळीनं मोजून निम्मं निम्मं झालं. माती एक, विहीर एक, बी एक. पुढं जे झालं त्यात नशिबाला बोल लावायला जागा नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

दोघी कामाला सारख्याच. अक्षय्य तृतीयेला आळी घालायच्या: हातभर खोल खड्डा, तळाशी पालापाचोळा, वर शेणखत आणि राख मिसळलेली माती. रोहिणीचा एखादा सडाका येऊन गेला की दुधी, दोडका, कारलं, काकडी टोचायची. मृगावर भेंडी, गवार, चवळी. आषाढात वेल मांडवावर चढायचे आणि श्रावणात परसातून बाहेर पडताना पदरात काही ना काही असायचंच.

धाकटी हाताची सढळ. पहिली काकडी पोस्टमनला, पहिली भेंडी शेजारणीला, पहिला दोडका माहेरी. "झाडाचं पहिलं फळ दुसऱ्याच्या तोंडात पडावं," असं ती म्हणायची आणि सारी आळी तिचं नाव काढायची.

थोरलीचं सगळं उलटं. वेलीवरचा सगळ्यात देखणा दोडका हेरून ती त्याच्या देठाला लाल दोरा बांधायची. मग तो कुणाला म्हणजे कुणालाच मिळायचा नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. दोडका वेलीवर जून होणार, पिवळा पडणार, तपकिरी होऊन वाळणार. भेंडीचंही तेच. जोमदार झाडं निवडून त्यांच्या पहिल्या शेंगा ती तोडायचीच नाही. आता भेंडीची शेंग झाडावर जून होऊ दिली की पुढच्या शेंगा धरणं मंदावतं, हे भाजी लावणारं पोरही सांगेल. त्या झाडांची भाजी गेल्यात जमा. हे नुकसान थोरलीला कळत नव्हतं असं नाही. ती ते मुकाट सोसायची. गावाला मात्र एवढंच दिसायचं की चांगला दोडका डोळ्यांदेखत वाळतोय आणि बाई कुणाला देत नाही. "चिकट आहे हो थोरली," असा शेरा ठरून गेला होता.

त्या दोऱ्याबद्दलही बोललं जायचं. काहींची खात्री होती की तो दृष्टीचा दोरा आहे. खरा प्रकार संध्याकाळी उभं राहून पाहिलं तरच कळण्यासारखा होता. दोडक्याची फुलं उन्हं कलल्यावर उमलतात. नराची फुलं घोसानं येतात. मादीचं फूल एकटं, आणि त्याच्या मागं बोटाएवढा इवला दोडका आधीपासूनच असतो. थोरली दुपारीच उद्या-परवाच्या नव्हे, आज उमलणाऱ्या कळ्या ओळखायची आणि नर-मादी दोघांची तोंडं सुतानं हलकेच बांधून ठेवायची. दिवस मावळायला आला की नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागं सारून मादीच्या फुलाला आतून टेकवायचं आणि मादीचं तोंड पुन्हा बांधायचं. दुसऱ्याच्या वेलीवरचा पराग किड्यांच्या पायांनी आत येऊ नये, एवढाच उद्देश. फळ धरलं की तोंडाचं सूत काढून देठाला लाल दोरा. हे तिला गावात आलेल्या एका कृषी सहायकानं दाखवलं होतं. ऐकलं सगळ्यांनी होतं, ध्यानात तिनं ठेवलं.

एका साली भाद्रपदात पावसानं सलग झोडपलं. वेलींची फुलं गळून गेली. गणपती बसले, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हातानं पिकवलेलंच चालतं, म्हणून परसाला त्या दिवशी शेतापेक्षा जास्त मान. धाकटीनं अळू, माठ, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसं असं सगळं जमवलं. दोडका तेवढा नव्हता. तिचा दहा वर्षांचा पोरगा दगडांची ओळ ओलांडून गेला आणि लाल दोऱ्याचा कोवळा दोडका तोडून घेऊन आला. आईनं विळीवर तो अर्धा चिरला, तेव्हा तिला देठाचा दोरा दिसला. तेवढ्यात थोरली दारात.

धाकटीचं तोंड उतरलं. "जाऊबाई, पोरानं न विचारता..."

थोरलीनं विळीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. "शिरा फेकू नकोस," ती म्हणाली, "चटणी होते." मग पोराला जवळ ओढून म्हणाली, "तू एक दोडका नाही खाल्लास रे, पुढच्या सालचा मांडव खाल्लास."

"मोठे आई, मग पुढच्या साली काय लावणार?"

"गाडग्यात मागच्याचं निम्मं आहे. सगळं बी एका सालात कधी मातीत घालायचं नसतं."

जेवायला ती थांबली आणि ऋषीची भाजी दोनदा वाढून घेतली. मनात काही ठेवलं असेल तर दिसू दिलं नाही.

बी धाकटीही ठेवायची, असं नव्हे की ठेवत नव्हती. पण तिचं बी उरल्यासुरल्याचं. चांगलं सगळं वाटून झालं, हंगाम उतरला, वेलीच्या शेंड्याला एखादं वाकडंतिकडं, माशीनं डंख मारलेलं फळ राहिलं की तेच वाळवून गाडग्यात. वर्षामागून वर्षं हेच चाललं. मग दोडका आखूड झाला, भेंडी दोन दिवसांत निबर व्हायला लागली, काकडी उशिरा धरायला लागली. वाण उतरला तो एका दिवसात नाही, म्हणून तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं मातीला दोष दिला, खत वाढवलं. शेवटी बाजारातून संकरित बियाण्याची पाकिटं आणली आणि पहिल्या वर्षी परस असं बहरलं की ती खूश. त्याच फळांचं बी धरून तिनं पुढच्या साली लावलं. तेव्हा एक दुधी लांब, एक गोल, एक कुपोषित, आणि एक चक्क कडू. संकरिताचं बी पुढच्या पिढीत तसंच्या तसं उतरत नाही, हे पाकिटवाल्यानं सांगितलं नव्हतं. कडू दुधी तिनं जिभेला लावताच फेकून दिला हे फार बरं केलं. तो पोटात जाणं धोक्याचं असतं.

थंडीतली गोष्ट थोडी निराळी. दिवाळीनंतर मेथी, शेपू, कोथिंबीर, वांगी, पावटा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीला परसातूनच टोपली भरायची. धाकटीच्या पोराला तेव्हा मोठ्या आईच्या मागं हिंडायचा नाद लागला होता. धने रगडून दोन फाकी करून पेरायचे, हे त्याला येत होतं. कोथिंबिरीचं सगळ्यात आधी फुलावर आलेलं झाड पाहून तो दोरा आणायला धावला, तर थोरलीनं ते झाड उपटून आमटीत टाकलं. तो गोंधळला. "कोथिंबीर पाल्यासाठी लावतो आपण," ती म्हणाली, "घाईनं फुलणाऱ्याचं बी धरलं तर पुढच्या साली वाफाभर फुलंच. जे शेवटपर्यंत पाला देईल त्याला दोरा." दोडक्याला पहिला आणि कोथिंबिरीला शेवटचा, यात पोराला विसंगती दिसली. मला विचाराल तर सगळी मेख इथंच आहे. पहिलं की शेवटचं हा प्रश्नच नव्हता. ज्याच्यासाठी रोप लावलं, त्यात जे सरस, ते ठेवायचं आणि उरलेलं खायचं. बहुतेक घरांत याच्या नेमकं उलट चालतं.

उन्हाळ्यात परसात गवती चहा, पुदिना, तुळस आणि मोरीच्या पाण्यावरचं अळू एवढंच तग धरून असायचं. थोरलीचं खरं काम तेव्हा. वाळलेला दोडका कानाशी हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. टोकाचं झाकण मोडून तो उलटा धरायचा, की काळं कुळकुळीत बी सुपात सांडायचं. पोचट पाखडून बाजूला. उरलेलं सावलीत वाळवून, राखेत कालवून गाडग्यात. वर फडकं आणि शेणानं लिंपलेलं तोंड. गाडगी चुलीच्या वरच्या फळीवर, धुराच्या वाटेत.

मग ते वर्ष आलं. रोहिणी चांगली बरसली, मृगाची सुरुवातही झाली, साऱ्या गावानं टोचणी उरकली आणि पावसानं ओढ दिली. विहिरीनं तळ गाठला, कोंब जागच्या जागी करपले. पाऊस परतला तेव्हा पुन्हा लावायला कुणाकडं बी नव्हतं. पाकिटं होती, पण शेताच्या दुबार पेरणीतच लोकांचे पैसे संपले होते. परसासाठी कोण काढणार?

धाकटी दगडांच्या ओळीपाशी येऊन उभी राहिली. पलीकडं पाऊल टाकवेना. थोरलीनंच हाक मारली, फळीवरून गाडगं उतरवलं, लिंपण फोडलं आणि दोडका, दुधी, भेंडीचं बी तिच्या पदरात घातलं.

"पुढच्या साली दुप्पट परत करायचं," थोरली म्हणाली, "आणि हे घे." लाल दोऱ्याचं रीळ.

संध्याकाळपर्यंत सारी आळी दारात. जिनं कधी कुणाला एक दोडका दिला नव्हता, तिनं त्या दिवशी मागेल त्याला बी दिलं, अट तीच. धाकटी अंगणात बसून पुड्या बांधत होती. तिचे दोडके आजवर ज्या ज्या घरी गेले होते, ती सगळी घरं त्या रांगेत होती.

असं शहाणपण आपल्याकडं बायकांनी फार ठिकाणी जपलंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळा शिकलेल्या नाहीत. देशी वाणांची बियाणे बँक उभी केली म्हणून २०२० ची पद्मश्री त्यांच्या नावावर आहे. आमच्या थोरलीला कुणी पदक दिलं नाही. गावानं तिला चिकट म्हणणं तेवढं सोडलं.

धाकटीनं दुसऱ्या साली दुप्पट नव्हे, चौपट बी परत केलं. पोरगा आता पुण्यात असतो. गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपांत नारळाच्या शेंड्या, पालापाचोळा आणि शेणखत भरून तो दोडका लावतो. वर किडे फारसे येत नाहीत, तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नराचं फूल हातानं फिरवावं लागतं. ते त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

तुम्ही यंदा वेल लावणार असाल तर बी देशी, सरळ वाणाचं मिळवा. संकरिताचं ठेवून उपयोग नाही. पहिला देखणा दोडका दिसला की त्याला दोरा बांधा, आणि घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा.