विठोबा, आम्ही अलिबागला निघालोय

पांडुरंगा, टेंभुर्णीतून आमच्यासारखी माणसं बाहेर पडतात ती तुझ्या दर्शनाला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर लग्नाला. उद्या यातलं काहीच कारण नाही. आम्ही समुद्र बघायला निघालोय. मौजेसाठी देवाला साकडं घालू नये म्हणतात, मला ते पटत नाही. दुखण्यात तुला हाका मारायच्या आणि आनंदात विसरायचं, हा कुठला न्याय?

तेव्हा ऐक. रात्री जीपने कुर्डुवाडी गाठायची आहे. गाळपाचे दिवस आहेत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे लाल दिवा नसताना अंधारात चालतात. तेवढा रस्ता सांभाळ. ट्रॅक्टरवरच्या पोरांनाही सांभाळ, ती काही फिरायला निघालेली नाहीत. पुढे सिद्धेश्वर एक्स्प्रेस. सासूबाईंना खालचा बर्थ मिळालाय, 'जरा टेकू का' म्हणत त्यावर कुणी पथारी पसरू नये. सकाळी सीएसएमटी, मग गेटवे, तिथून लाँचने मांडवा, बसने अलिबाग, आणि रात्रीच्या सिद्धेश्वरने परत. शेजारी हसले, एका दिवसात काय बघणार म्हणाले. हसू देत. दशम्या आणि शेंगाचटणी बांधून झाली आहे.

सासूबाईंचं काय ते तुला ठाऊक आहे. त्यांचं माहेर उजनीत गेलं. धरण १९८० साली पुरं झालं, भीमेचं पाणी मागे सरकत सरकत ओट्यावर आलं आणि ओट्यावरून आढ्याला लागलं. उन्हाळ्यात साठा उणे झाला की जुन्या पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं, लोक फोटो काढायला जातात. या जात नाहीत. मोठं पाणी म्हणजे गाव गिळणारं, एवढीच त्यांची ओळख. त्यांना एकदा असं पाणी बघू दे, जे कुणाच्या उंबऱ्यावर चढलेलं नाही. आणि देवा, तुझी भीमा तरी कशी, भीमाशंकरला ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर उगवते, जवळचा समुद्र टाकून पूर्वेला वळते, तुझे पाय धुते आणि कृष्णेच्या हाताने बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आम्हीही तिच्याच अंगाने पूर्वेकडे बघत वाढलो. उद्या एकदा पश्चिमेला तोंड.

मांडवा, आवास, किहीमच्या वाटेवर उंच भिंतींमागे नटांचे, क्रिकेटवाल्यांचे, उद्योगपतींचे बंगले आहेत म्हणे. गेटवेपाशी त्यांच्या पांढऱ्या नौका डुलत असतात. माझ्या पोराला त्या डोळे भरून बघू दे. 'आपल्याकडे का नाही' असं त्याने विचारलं तर मला चटकन उत्तर सुचू दे, नाही सुचलं तर त्याचं लक्ष समुद्रपक्ष्यांकडे वळव. फक्त त्यांना कुरकुरे टाकायची बुद्धी त्याला देऊ नकोस. भिंतीआडच्या माणसांचंही भलं कर, पण किनारा सगळ्यांचा राहू दे.

ओहोटीची वेळ साधून दे. अष्टमीच्या सुमारास ती भर दुपारी येते, म्हणून कॅलेंडर बघूनच दिवस धरलाय. एकादशी टाळली ती तुझ्यासाठी. पाणी पुरतं हटलं नाही तर घोडागाडी आहेच. कुलाबा किल्ल्यात कान्होजी आंग्र्यांच्या नावाने हात जोडायचे आहेत, राघोजींनी १७५९ मध्ये बांधलेल्या गणपतीपुढे बसायचं आहे. पण खरी ओढ आहे ती तिथल्या गोड्या पाण्याच्या विहिरीची. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि मधे गोडं पाणी! टँकरची वाट बघितलेल्या बाईला याहून मोठा चमत्कार तू कुठला दाखवणार? परतताना पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊ, भाव ठीक असला तर.

आता जे मागायचं ते मागते. याच वाटेवर १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला चाललेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यानंतर तिथे लाइफ जॅकेटची सक्ती झाली. आम्हालाही उद्या मिळेल, सासूबाई 'उकडतंय' म्हणतील, मी दोऱ्या बांधीन. पण २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट आपल्याच उजनीत वाऱ्याने उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान लेकरं. ती माणसं मौजेला निघाली नव्हती. पाणी मधे आलंय, आणि रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, म्हणून रोज लोक बोटीत बसतात.

मौजेच्या बोटीला जॅकेट आणि गरजेच्या बोटीला नुसतं तुझं नाव, हे तुला शोभत नाही. खरं तर आम्हाला शोभत नाही. पण आमच्यातल्या ज्यांच्या हातात ते आहे, त्यांचे कान तुझ्याच हाती आहेत. धर ते कान. उजनीवरच्या प्रत्येक बोटीत माणशी एक जॅकेट येऊ दे, वारा सुटला की बोट न सोडण्याचं धैर्य नावाड्याला दे आणि तेवढ्या दिवसाची त्याची मजुरी बुडू देऊ नकोस. शिरसोडी-कुगाव पुलाचं काम तडीस ने. आणि आम्हाला रविवारी पहाटे कुर्डुवाडीला उतरव, सोमवारी पोराची शाळा आहे.