पायांनी गढूळ केलेलं पाणी

आजचं वाचन : यहेज्केल ३४:१७-१९



यहेज्केलचा ३४वा अध्याय म्हटला की आपल्याला मेंढपाळच आठवतात. कळप उपाशी ठेवून स्वतःचं पोट भरणारे मेंढपाळ. पाळकांच्या सभांमध्ये यावर पुष्कळ संदेश ऐकलेत. पण १७व्या वचनापाशी देव मेंढपाळांना बाजूला ठेवतो आणि मेंढरांकडे वळतो. तिथे आपण सहसा थांबत नाही, कारण तिथे पाळकांचं नाही, आपलं नाव निघतं.

धष्टपुष्ट मेंढरं पाणवठ्यावर आधी पोहोचली, पोटभर प्याली, आणि निघताना पाय घालून उरलेलं पाणी गढूळ करून गेली. मागून आलेल्या अशक्त मेंढरांच्या वाट्याला तो गाळ आला. देवाची तक्रार ही आहे. पाणी प्यालात याबद्दल तो रागावत नाही. तहान त्यानेच दिली आहे. मागे कोणी उभं आहे का, हे वळून न बघण्याबद्दल तो रागावतो.

भोकरदनच्या माणसाला हे वचन उलगडून सांगायला हिब्रू भाषा लागत नाही. केळनेच्या काठी हे गाव दोन हजार वर्षांपासून आहे, जुन्या लेखांत त्याचं नाव भोगवर्धन. नाव एवढं संपन्न, आणि उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं. २०१२-१३ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात कोण विसरलंय? मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचं विकतचं पाणी घालूनही जी झाडं जगली नाहीत, ती तोडून चुलीत घालावी लागली.

आता मूळ मुद्दा. चर्चने पर्यावरणासाठी काय करावं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ५ जूनला झाड लावा, फोटो काढा. (पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात दुसरं झाड!) मला वाटतं, आपल्या भागात हा प्रश्न पाण्यापासून सुरू होतो. नेमकं सांगायचं तर बोअरपासून.

आवारात पाणी नाही म्हणून कुठल्याही मंडळीत विषय निघतो. दानार्पण जमतं, बोअरची गाडी येते, प्रार्थना होते. दोनशे फुटांवर लागलं नाही तर तीनशे, मग चारशे. पाणी उसळलं की सगळे हालेलूया म्हणतात. त्या हालेलूयाची मी थट्टा करत नाही. मराठवाड्यात पाणी लागणं ही आभार मानायचीच गोष्ट आहे. पण आभार मानून झाल्यावर एक प्रश्न विचारायला हवा. हे पाणी आलं कुठून?

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि खालच्या भेगांमध्ये. त्या भेगांना कंपाउंडची भिंत कळत नाही. इथे खोल उपसा सुरू झाला की शेजारच्या म्हातारीची चाळीस फुटांची विहीर आटू शकते. सरकारलाही हे कळलेलं आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ मध्येच झाला.

मग सांगा, शेजाऱ्याच्या विहिरीतून ओढून आलेला आशीर्वाद हा आशीर्वादच का?

कोणी म्हणेल, पाणी देवाचं, जो खोल खणेल त्याचं. पैसे आमच्या घामाचे आहेत. बाजारात हे उत्तर चालतं. पण ज्या मंडळीने ‘शेजाऱ्यावर प्रीती’ हे भिंतीवर रंगवून घेतलंय, तिला ते वापरता येईल असं मला वाटत नाही. बोअर घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पिण्याला पाणी नसेल तर घ्यावा. पण जेवढं उपसतो तेवढं परत जमिनीत घालण्याची सोय त्याच दिवशी करावी, आणि नळाची एक तोटी रस्त्याच्या बाजूला काढावी.

परत घालायचं म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चर्चचे पत्रे १०० चौरस मीटर धरा, हंगामाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरा : ६० हजार लिटर. गळती, बाष्प, पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी वगळलं तरी ४५ हजार कुठे गेले नाहीत. पाच हजारांचे नऊ टँकर! आज ते पन्हळीतून रस्त्यावर जातात. पन्हळ, पाइप, आणि बोअरजवळ खडी-वाळूचा शोषखड्डा, एवढंच लागतं. सुशोभीकरण म्हणून सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याआधीही थोडं थांबावं. उघड्या मातीत पाऊस मुरतो, फरसबंदीवरून तो पळून जातो.

“पण बंधू, हे एनजीओचं काम. मंडळीचं काम आत्मे जिंकण्याचं,” असंही ऐकायला मिळतं. सोबत २ पेत्र ३:१० येतं : सृष्टी जळून जाणारच आहे, मग सांभाळायची कशाला? त्याच्या पुढचंच वचन वाचावं. पेत्र तिथे आपल्यालाच विचारतो की असं होणार असेल तर तुम्ही कसं वागायला हवं. धनी येणार हे ठाऊक असलेला चाकर वाडा उकिरड्यासारखा ठेवत नाही.

आणि ख्रिस्ती माणसाने जमिनीत हात घालणं आपल्याकडे नवीन नाही. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हा निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी विश्वासणाऱ्यांसाठी अख्खं गाव उभं केलं. अलीकडचं उदाहरण फादर हर्मन बाखर यांचं. स्वित्झर्लंडहून आलेले हे जेजुइट धर्मगुरू नगर जिल्ह्यात दुष्काळी शेतकऱ्यांमध्ये राहिले आणि पाणलोट विकासाच्या इंडो-जर्मन कार्यक्रमाचे प्रवर्तक झाले. त्यात गावांना श्रमदान करावं लागे, मोकाट चराई आणि कुऱ्हाड थांबवावी लागे. आपल्या जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाचं हेच काम केलं : डोंगरउतारावर समतल चर, बांध, नाल्यांवर अडवणूक, पुढे शेततळी. त्या कोरडवाहू गावात आज द्राक्षबागा आहेत. देवाने तिथे वेगळा पाऊस पाडला नाही. पडलेला पाऊस लोकांनी थांबवला.

बाकी बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी प्रीतिभोजनानंतर चर्चमागे काय जळतं ते नाकाला कळतं. स्टीलची ताटं उत्तम, पण मे महिन्यात दोनशे ताटं धुवायला पाणी कुठलं? तेव्हा आपली पळसाची पत्रावळ बरी. कापणीच्या सणाला धान्य आणता तसं एकेक भांडं मातीही आणा, असं सुचवावंसं वाटतं. ती कशी आहे, तिच्यात गांडूळ उरलंय का, हे वेदीपुढे ठेवून सगळ्यांनी बघावं. आणि बाप्तिस्म्याच्या हौदातलं पाणी गटारात सोडू नका हो. दोन-तीन हजार लिटर असतं. दारातल्या लिंबाला द्या.

मृग लागायला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी उपासना झाली की शिडी लावून चर्चचे पत्रे आणि पन्हळी एकदा बघून घ्या. बायाबापड्यांनाही विचारा, कोणाची विहीर कोणत्या महिन्यात आटते. ते त्यांनाच नीट ठाऊक असतं.

प्रार्थना : प्रभो, जी विहीर आमच्या आधी आटते, तिच्या मालकाचं नाव आज आमच्या ध्यानात आण. आमेन.

उद्याचं वाचन : उत्पत्ती २६:१७-२२, इसहाकाच्या विहिरी.