काऊनला मार्क नाहीत

माठातलं पाणी गार का राहतं? पर्याय चार : संघनन, बाष्पीभवन, उत्कलन, संप्लवन. तयारी केलेली आठवीतली कुठलीही पोरगी दोन सेकंदांत बरोबर गोल काळा करते. एक मार्क. आता तिलाच विचारा, मे महिन्यात खोली गारेगार करणारा कूलर पोळ्याच्या आसपास नुसता दमट वारा का फेकतो? उत्तर तेच आहे. उन्हाळ्यात यवतमाळची हवा इतकी कोरडी असते की जाळीतलं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेलं असतं, मग आणखी पाणी उडणार कुठे? पण हा प्रश्न पेपरात येत नाही, म्हणून उजळणीतही येत नाही. आमच्या वऱ्हाडीत ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात. परीक्षेआधीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत पहिला बळी जातो तो या काऊनचा.

ही परीक्षा म्हणजे एनएमएमएस, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. सरकारी, अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधली आठवीची मुलं ती देतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. दोन पेपर, प्रत्येकी ९० मार्कांचे. त्यातल्या शालेय क्षमता चाचणीत ३५ मार्क विज्ञानाचे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे महिन्याला हजार आणि चार वर्षांचे ४८,०००.

पुण्यात बसून हजार रुपये म्हणजे दोन जणांचं एक जेवण वाटतं. झरी जामणी किंवा घाटंजी तालुक्यातल्या कोरडवाहू कापूसवाल्या घरात त्या हजारात एसटीचा पास, वह्या, चपला येतात. मुख्य म्हणजे घरात एक वाक्य म्हणता येतं, “पोरीच्या शिक्षणाला घरचा पैसा लागत नाही.” दहावीनंतर शिक्षण थांबवायचं की नाही, हा निर्णय कधी कधी त्या एका वाक्यावर तोलला जातो.

म्हणून मला पडणारा प्रश्न अध्यापनाचा नाही, नीतीचा आहे. परीक्षेला पंधरा दिवस उरलेत, समोर मूल बसलंय. त्याला कारण समजावून द्यायचं, की उत्तर पाठ करून घ्यायचं? कोणतं केलं तर आपण त्याच्याशी प्रामाणिक राहतो?

सोपं उत्तर तयारच असतं : घोकंपट्टी वाईट, आकलन चांगलं. हे म्हणणाऱ्यांची यादी काढली तर बहुतेक जण परीक्षा पास होऊन पलीकडे पोचलेले सापडतील. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर पेपरच्या आदल्या रात्री कोणी मॅक्सवेलची समीकरणं ‘समजून’ घेत नव्हतं, सगळे जुने पेपर सोडवत होते. शिडी चढून गेलेल्यांनी खालच्यांना शिडीच्या दर्जावर प्रवचन देऊ नये. शिवाय पाठांतर हा आकलनाचा शत्रूच असतो, असंही नाही. ‘बाष्पीभवन’ हा शब्दच डोक्यात नसेल, तर कूलरबद्दल विचार कशाच्या आधारे करणार?

पण दुसरी बाजूही खरी आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रोग्रॅम तपासायला टेस्ट लिहितो. कुणाला टेस्ट आधीच माहीत असतील, तर तो फक्त तेवढ्या टेस्ट पास करणारा कोड लिहू शकतो. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं आणि खरा ग्राहक आला की प्रोग्रॅम कोसळतो. टेस्ट खोटं बोलत नाही, तिला विचारलं तेवढंच ती सांगते. मुलाच्या बाबतीत तो ‘खरा ग्राहक’ कोण, हे यवतमाळात शोधायला लांब जावं लागत नाही.

२०१७च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्वचा, श्वसन, घाम, शोषण हे सगळे धडे शाळेच्या पुस्तकात आहेत. औषधाच्या डब्यावरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. माहिती नव्हती म्हणून ती माणसं गेली, असं म्हणणं मात्र अन्याय होईल. साधं संरक्षक साहित्य अनेकांकडे नव्हतं, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा अंगावरच येत होता आणि मजुरी बुडवणं परवडणारं नव्हतं. ज्ञान एकटं माणसाला वाचवत नाही. पण शरीरशास्त्राचा धडा आणि बापाच्या पाठीवरचा पंप या दोन गोष्टी मुलाच्या डोक्यात कधीच शेजारी आल्या नाहीत, तर आपण त्याला विज्ञान दिलं नाही. फक्त एका मार्काची किल्ली दिली.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिष्यवृत्तीच्या जागा मोजक्या असतात आणि जिल्ह्यानुसार ठरलेल्या असतात. सगळ्या जिल्ह्याने दुप्पट उजळणी केली तरी जागा दुप्पट होत नाहीत, फक्त कटऑफ वर सरकतो. माझ्या विद्यार्थिनीचा एक जास्तीचा मार्क कुठल्यातरी पाड्यावरच्या दुसऱ्या मुलीला यादीतून खाली ढकलतो, आणि ती मुलगीही तितकीच गरजू असते. मार्क वाटून घ्यायची गोष्ट आहे : एकाला मिळाला की दुसऱ्याचा गेला. समज तशी नाही. कूलरचं कोडं एकीला उलगडलं म्हणून दुसरीच्या वाट्याची समज कमी होत नाही. शिकवणाऱ्याने आपली सगळी ताकद फक्त वाटणीच्या गोष्टीवर लावली, तर वर्षअखेरीस जिल्ह्याच्या हाती नवं काहीच आलेलं नसतं.

दोष परीक्षा असण्याचा नाही, ती काय विचारते याचा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा सरकारी शाळांमध्ये सुरू झाला. मुलं प्रयोग करून शिकत आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुस्तक समोर असताना पाठांतर तपासता येत नाही, त्यामुळे प्रश्नच बदलावे लागले. पुढे शेकडो शाळांत पोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. तरी सरकारी शाळेतल्या मुलांना ‘काऊन’ विचारणारी परीक्षा घेता येते, हे तीस वर्षं सिद्ध होत राहिलं.

तोवर या पंधरा दिवसांचं काय? माझं उत्तर : मार्क मिळवून द्या. मुलाच्या ४८,००० रुपयांवर आपली तत्त्वं तपासून बघण्याचा आपल्याला हक्क नाही. पर्याय ओळखायला शिकवा, जुने पेपर सोडवून घ्या, लाजू नका. पण ही उसनवारी आहे, हे लक्षात ठेवा. घाईत केलेल्या कामचलाऊ कोडला आमच्याकडे तांत्रिक कर्ज म्हणतात. ते घेणं चूक नसतं, घेतल्याचं विसरणं चूक असतं. कर्ज न फिटल्याने काय होतं, हे यवतमाळला बाहेरच्या कुणी सांगायची गरज नाही.

हे कर्ज मुलाच्या नावावर नाही, शिकवणाऱ्याच्या नावावर असतं. ते फेडायची वेळ पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, जेव्हा मुलांना वाटतं आता विज्ञान संपलं, आणि आपल्यालाही. त्या दिवशी पुन्हा वर्ग भरवायचा. फळ्यावर चार पर्याय लिहायचे नाहीत. कूलरबद्दल विचारायचं, पंपाबद्दल विचारायचं, आणि निवड न झालेल्या मुलांना पहिल्या रांगेत बसवायचं. त्यांना पैसे मिळाले नाहीत. समजही न देता त्यांना घरी पाठवलं, तर त्या पंधरा दिवसांत आपण त्यांचा वेळ फक्त वापरून घेतला, असाच त्याचा अर्थ होतो.