पाप कोणाचे?

(पाठ : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ९ संपूर्ण वाचावा.)



या अध्यायाच्या आरंभी प्रभु येशू वाटेने जात असता त्याची दृष्टी एका जन्मांध भिकाऱ्यावर पडते. शिष्यही त्यास पाहतात. परंतु याला भूक लागली असेल काय, याला घरी कोण आहे, हे ते विचारीत नाहीत. ते विचारतात की, हा असा जन्मला त्यास कारण याचे स्वतःचे पाप की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली, आणि या मनुष्याच्या ठायी देवाची कृत्ये प्रगट व्हावयाची आहेत असे सांगून तो लागलाच कामास लागला.

वाचकहो, शिष्यांचा तो प्रश्न अद्याप मेलेला नाही. तो आजही आपल्या गावांत, आणि दुःखाने म्हणावे लागते की आपल्या मंडळ्यांतही, एका विशिष्ट प्रकारच्या लेकरांच्या आईबापांस विचारला जातो. त्या लेकरांविषयी आज बोलावयाचे योजिले आहे.

अशी मुले तुम्ही पाहिली असतील. मूल दिसावयास धडधाकट असते. परंतु वर्ष-दीड वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारली असता वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, आईच्या डोळ्यांस डोळा देत नाही. कोणी बोलावयास उशिरा लागते, कोणी मुळीच बोलत नाही, कोणी ऐकलेले शब्दच पुनःपुन्हा उच्चारते. खडे किंवा डबे एका ओळीत मांडण्यात त्याचा तासन्‌तास जातो. रोजचा क्रम मोडला, अथवा मोठा आवाज कानी पडला, म्हणजे ते कासावीस होऊन आक्रोश करते. या अवस्थेस आपल्या भाषेत स्वमग्नता म्हणतात. ती सर्वांत सारखी नसते. काहींस जन्मभर दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते, तर काही शिकूनसवरून आपला चरितार्थ चालवितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक मनुष्य असा होता. तेव्हा ही गोष्ट एखाद्या शापित घरापुरती आहे असे कोणी समजू नये.

हे लिहिणारे आम्ही उभयता अशाच एका मुलाचे आईबाप आहो. त्यामुळे शिष्यांच्या प्रश्नाची धार आम्हांस ठाऊक आहे. कोणी म्हणतो, आईने ग्रहण पाळले नसेल. कोणी म्हणतो, करणी झाली. कोणी बाहेरचे लागले असे म्हणून देवऋषाचे नाव सुचवितो. कोणी पूर्वजन्मीचे पातक सांगतो. बहुतकरून बोट शेवटी आईकडेच वळते.

असा प्रश्न केवळ अडाणी लोक विचारतात असे मात्र नाही. मोठमोठ्या विद्वानांनीही तो विचारला आहे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी लिओ कॅनर नामक डॉक्टरांनी अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या अवस्थेस वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले. ही उणीव मुलांत जन्मतःच असावी असे त्यांनी प्रथम लिहिले होते. परंतु १९४९ साली त्यांनीच आईबापांच्या थंड वागणुकीवर बोट ठेवले. पुढे तर मायेची ऊब न देणारी, बर्फाच्या पेटीसारखी आई हीच याचे कारण, असे मत विद्वानांत रूढ झाले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली एक ग्रंथ लिहून त्या मतास पुष्टी दिली. आपल्या लेकरासाठी रात्र रात्र जागणाऱ्या किती मातांनी या ठपक्याखाली मान खाली घातली असेल, ते एक प्रभूच जाणे.

या मताविरुद्ध प्रथम उभा राहिला तो एक बापच होता. अमेरिकन नौदलाच्या नोकरीतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा असाच होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून दाखविले की, आईबापांच्या वागणुकीस दोष देण्यास काहीही पुरावा नाही, आणि या अवस्थेचे मूळ मेंदूच्या घडणीत शोधिले पाहिजे. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी अशा मुलांच्या पालकांच्या सभेत उभे राहून त्यांस दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. निराळ्या बीजांच्या दहा जोड्यांत तसे एकही उदाहरण नव्हते. यावरून या गोष्टीत अनुवंशाचा भाग मोठा आहे हे उघड झाले. आज शास्त्रज्ञांस शेकडो जनुके ठाऊक आहेत की ज्यांचा याच्याशी संबंध आहे. मूल अकाली जन्मणे, बापाचे किंवा आईचे वय अधिक असणे, अशा काही गोष्टींनी संभव थोडा वाढतो. तथापि आईने गरोदरपणी अमुक केले अथवा अमुक केले नाही म्हणून मूल असे झाले, असे सहसा कोणास दाखविता येत नाही. मेंदूची ही निराळी घडण बहुतांशी मूल उदरात असतानाच होऊ लागते. ती संसर्गाने पसरत नाही.

येथे एका खोट्या समजुतीविषयीही सांगणे अवश्य आहे. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात केवळ बारा मुलांवरून असे सुचविण्यात आले की, गोवर, गालगुंड व रुबेला यांची लस याचे कारण असावी. तो लेख त्या साप्ताहिकाने २०१० साली मागे घेतला, व त्याच वर्षी मुख्य लेखकाचे नाव इंग्लंडातील वैद्यांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्क देशात ६,५७,४६१ मुलांची पाहणी होऊन २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, या लसीने स्वमग्नता होत नाही. म्हणून कोणा आईने या भीतीने आपल्या बाळाची गोवराची लस चुकवू नये. गोवराने मुले दगावतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांस चांगले ठाऊक आहे.

आता आपल्या मंडळीकडे वळू. आपण देवऋषाचा उंबरठा सोडिला, हे खरे. परंतु तोच जुना प्रश्न नवे वस्त्र पांघरून आपल्यात शिरतो. मग लोक म्हणतात की, आईबापांचा विश्वास उणा पडला. घरात काही गुप्त पाप असेल ते कबूल करावे. या मुलात मुका आत्मा आहे, तो काढिला पाहिजे. त्यासाठी मार्कच्या नवव्या अध्यायाचा आधार देतात. बंधूंनो, तो अध्याय नीट वाचा. त्या मुलास झटके येत असत व तो आगीत पाण्यात पडत असे. आमच्या मुलांची अवस्था ती नव्हे. शिवाय तेथे प्रभूने बापास काय विचारले, ते पाहा. याला असे केव्हापासून होते, एवढेच. त्याने बापाचे पाप उकरून काढिले नाही. बापाने आपला अर्धवट विश्वास रडत रडत बोलून दाखविला, तरी त्याने त्यास हाकून दिले नाही. मुलास बांधिले नाही, मारिले नाही. हात धरून उठविले. आपल्या राज्यात तर २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणास बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा अपराध ठरविला आहे. जे सरकारच्या कायद्यास कळले, ते ख्रिस्ताच्या लोकांस आधी कळावयास नको काय?

आणखी एक गोष्ट आम्ही प्रीतीने पण स्पष्ट बोलतो. तुमच्या आमच्या आज्यापणज्यांस गावकुसाबाहेर राहावे लागत होते. पाणवठ्यावर त्यांची घागर चालत नव्हती. त्यास कारण काय सांगत असत? हेच की, यांचे पूर्वजन्मीचे पाप, म्हणून यांचा असा जन्म. जन्म हाच अपराध ठरविण्याचे ते जू ख्रिस्ताने आपल्या मानेवरून काढिले, म्हणून आपण त्याच्या कळपात आलो. ते जू आता एका मुक्या लेकराच्या मानेवर ठेवण्यास आपले हात कसे धजतात?

पुन्हा योहानाच्या अध्यायाकडे येऊ. कारण तेथे त्या मनुष्याच्या आईबापांविषयीही लिहिले आहे, आणि उपदेशात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. परूशी त्यांस बोलावून जबाब घेतात. आपला मुलगा पाहू लागला याचा आनंदही त्यांस उघड करिता येत नाही. त्यासच विचारा, तो वयात आला आहे, असे म्हणून ते बाजूस होतात. कारण सभास्थानातून घालवून दिले जाण्याचे त्यांस भय होते. त्यांस भ्याड म्हणणे सोपे आहे. परंतु लोकांनी वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे बोट दाखविले, त्यांच्या तोंडून शब्द कसा फुटावा? आमच्यातील कित्येक आईबाप असेच गप्प आहेत. पाहुणे आले की मुलास आतल्या खोलीत ठेवितात. लग्नाच्या पंगतीस आळीपाळीने जातात. रविवारी एकाने उपासनेस यावे व दुसऱ्याने घरी राहावे, असे त्यांचे चालते. आणि पुढे पुढे कोणीच येत नाही. पाळकबुवा म्हणतात, हे घराणे थंडावले. ते थंडावले नाही. त्याला बाहेरची वाट दाखविली गेली.

तर मग मंडळीने काय करावे? अशी मुले औषधाने निराळी होत नाहीत, आणि तसे वचन देऊन पैसे उकळणाऱ्यापासून सावध राहावे. परंतु लवकर ओळखून धीराने शिकविले असता ती पुष्कळ शिकतात. म्हणून मूल बोलत नाही असे दिसताच आईस धीर द्या, आणि अंगणवाडीत तपासणीस येणाऱ्या सरकारी वैद्यकीय पथकास किंवा जिल्हा रुग्णालयास दाखवावयास सांगा. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात जे एकवीस प्रकार मानिले आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. तिचा दाखला मिळतो. आणि कायद्याने ठरविलेल्या प्रमाणाइतके अपंगत्व असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. उपदेशकांनी आईबापांबरोबर तालुक्यास एक खेप घालावी. ती खेपही प्रभूची सेवाच होय.

उपासनेत अशा मुलास दाराजवळची जागा द्या, म्हणजे गलबला सोसवेनासा झाल्यास त्यास बाहेर जाऊन परत येता येईल. कर्णा व ढोलकी यांचा आवाज थोडा आवरा. त्याच्याशी थोडक्या व सरळ शब्दांत बोला, आणि उत्तरासाठी थांबा. शब्दांपेक्षा चित्र त्यास अनेकदा अधिक लवकर कळते, हे रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी ध्यानात ठेवावे, व दर वेळी क्रम तोच ठेवावा. ते मधेच उठले, हात हलवू लागले, किंवा ओरडले, तर माना वळवून आईकडे पाहू नका. ते तुमच्याकडे पाहत नाही यावरून ते ऐकत नाही, अथवा त्यास प्रीती नाही, असे समजू नका. आमचा मुलगा बोलत नाही. पण गीत सुरू झाले म्हणजे आईचा पदर हाती धरून तो ते संपेपर्यंत उभा राहतो. ती उपासना नव्हे, असे कोण म्हणेल?

मोशेने देवास सांगितले की, आपण बोलावयास जड आहो. मोशेची जीभ मोकळी झाल्याचे निर्गमाच्या चौथ्या अध्यायात लिहिलेले नाही. देवाने त्यास अहरोन दिला. ज्यास बोलता येत नाही, त्याच्यासाठी बोलणारा सोबती नेमणे ही देवाची जुनी रीत आहे. मंडळीने अहरोन व्हावे. आम्ही आईबाप आज आहो, उद्या नसू. आमच्या मागे या लेकरास कोण पाहील, ही चिंता अशा प्रत्येक घरात रात्री जागी असते. तिचे उत्तर देवाने एकट्या आईबापांवर टाकिलेले नाही. पौलाने जे एक शरीर सांगितले, त्या सर्व शरीरावर टाकिले आहे.

शेवटी एवढेच. त्या अध्यायात परूशांनी अखेर त्या मनुष्यास बाहेर घालविले. ते प्रभूने ऐकले, आणि तो त्यास शोधीत गेला. ज्यांनी त्यास बाहेर काढिले ते आत राहिले, आणि प्रभु बाहेर त्याच्यापाशी होता. ज्या मंडळीच्या दारातून एखादी आई आपले रडणारे मूल उचलून लाजेने निघून जाते, त्या मंडळीने आपला प्रभु कोणत्या बाजूस आहे याचा विचार करावा. येत्या रविवारी त्या आईच्या घरी जा. कारण विचारू नका. चला, आम्ही तुमच्याजवळ बसतो, असे म्हणा.

देव आपणा सर्वांस अशी प्रीती देवो. आमेन.