आरोपीचा वकील आणि त्याचे मन

लातूरच्या दयानंद किंवा नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयातून बाहेर पडलेला ज्युनिअर सुरुवातीला बोर्ड पाहतो, वकालतनाम्याला तिकीट लावतो, मुदतीचे अर्ज लिहितो. मग एके दिवशी सीनिअर जामीन अर्जाचा मसुदा करायला सांगतात. फाइलमध्ये पंचनामा, जबाब, मृताचा फोटो. याच माणसाने हे केले, असे वाचताना वाटत राहते. मग त्याच्यासाठी लेखणी उचलणे पाप आहे का?

घरात माळकरी आजी असेल तर हा प्रश्न जेवतानाही सुटत नाही.

बार कौन्सिलचा नियम सांगतो, की दोषाबद्दलचे स्वतःचे मत बाजूला ठेवून बचाव करावा. तरीही 26/11 च्या हल्ल्यातील आरोपी कसाबच्या बचावासाठी 2009 मध्ये वकील अंजली वाघमारे यांची नेमणूक होताच त्यांच्या घरावर दगडफेक झाली. पुढे त्याच्यासाठी वकील अब्बास काझमी उभे राहिले. अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बेकायदा ठरवले.

वाटणे वेगळे, सिद्ध होणे वेगळे. आरोपी दोषी आहे की नाही, हा निवाडा ज्युनिअरने सीनिअरच्या ऑफिसातच करून टाकला, तर आरोपीला न्यायालय मिळालेच नाही. म्हणून मसुदा लिहिण्यात पाप नाही. पढवलेला साक्षीदार उभा करणे मात्र पापच. तिथे ‘सीनिअरांनी सांगितले’ ही सबब चालत नाही. पण अशा कामाला नकार देणे महाग पडते. ग्रामीण भागातील ज्युनिअरला दरमहा किमान 15,000 रुपये द्यावेत, अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाची 2024 ची शिफारस आहे, सक्ती नाही. आणि खोलीचे भाडे सीनिअरांच्या मर्जीवरच भागते.