लपविलेले ऋण

नवी मुंबईतील रोडपालीच्या पोलीस मुख्यालयालगतच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले पाहिली, म्हणजे त्यांच्या उमेदीने मन भरून येते, आणि लगेच एक चिंताही स्पर्श करून जाते. यांतील ज्याच्या अंगावर उद्या खाकी चढेल, त्याच्या हाती कधी शस्त्रागाराची किल्ली, कधी बंदोबस्ताचा आराखडा, तर कधी एखाद्या साक्षीदाराचा ठावठिकाणा येईल. आणि बहिणीच्या लग्नासाठी गुपचूप काढलेले सावकाराचे पैसे जर त्याच वेळी त्याच्या मानेवर बसलेले असतील, तर त्या किल्लीची खरी मालकी कोणाकडे राहील?

केंद्र सरकारच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतील सतरावा नियम, सरकारी नोकराने आपले खासगी व्यवहार कर्जबाजारीपणा ओढवणार नाही अशा रीतीने सांभाळावेत, असे बजावतो, आणि वसुलीचा दावा दाखल झाल्यास त्याची संपूर्ण हकिकत सरकारास कळविणे बंधनकारक करतो. महाराष्ट्राच्या १९७९च्या नियमांतही हेच तत्त्व आहे. अमेरिकेत गोपनीय कामाची परवानगी देण्यापूर्वी तेरा कसोट्या लावतात, त्यांत आर्थिक वर्तन ही एक आहे. सी.आय.ए.चा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ साली घटस्फोट आणि देणी यांच्या कचाट्यात सापडून सोव्हिएत वकिलातीची पायरी चढला, आणि १९९४ साली तो पकडला जाईपर्यंत त्याने विकलेल्या नावांची कित्येक माणसे प्राणांस मुकली होती.

परंतु ऋण हाच अपराध, असे हे नियम म्हणत नाहीत. आजारपण, नोकरी जाणे अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी आलेले देणे आणि चैनीने किंवा जुगाराने आलेले देणे यांत दोन्हीकडे भेद केलेला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने, कर्जफेडीचा पूर्वेतिहास समाधानकारक नसल्यामुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय कायम ठेवला. बँकेची काळजी समजण्याजोगी आहे, पण तीनशे ते नऊशे यांमधला पतगुणांक पैसे बापाच्या औषधाला गेले की पत्त्यांच्या डावाला, हे सांगत नाही.

आणि देणे उघड करण्यात लाजही नाही. थेऊरास मृत्युशय्येवर असताना, १७७२ साली, माधवराव पेशव्यांनी आपल्या नऊकलमी इच्छापत्रात कर्जफेडीची तजवीज लिहवून ठेवली. राज्याच्या धन्याला आपले देणे चारचौघांपुढे मांडण्यात कमीपणा वाटला नाही. आपला शिपाई मात्र ते बायकोपासूनही लपवितो, आणि या लपविण्यातच तगादेदाराचे सारे बळ असते.

म्हणून नोकरीत असलेल्या तरुणांना माझी विनंती आहे, की देणे असेल तर ते वरिष्ठांना लेखी कळवा. सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली निबंधकांकडे तक्रार करा. आणि वरिष्ठांनी तो अर्ज हाती येताच चौकशीचे शेरे मारण्याआधी त्या माणसाला समोर बसवून विचारावे, की हप्ता किती आणि घरी खाणारी तोंडे किती.